पडद्यावरचा माग

अक्षर, चित्र, ध्वनी आणि चलचित्र यांची अशी मांडणी करणे की पुढे काय दिसावे हे पाहणाऱ्याने स्वतःच्या हाताने ठरवावे, या कामाला संवादी बहुमाध्यम डिझाइन म्हणतात. सोलापूरच्या विद्यार्थ्याला या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असेल तर राज्यातील सर्वांत जुना पर्याय म्हणजे मुंबईच्या आयआयटीत १९६९ साली स्थापन झालेले आयडीसी हे डिझाइन केंद्र होय, तेथील एम.डेस. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, प्रवेश सीड या परीक्षेतून मिळतो, आणि अखेरच्या टप्प्यात विद्यार्थ्याला एक मोठा प्रकल्प स्वतंत्रपणे तडीस न्यावा लागतो. असा प्रकल्प संगणकावर विनाअडथळा चालू लागला की पूर्ण झाला, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात त्या वेळी तो जेमतेम निम्म्यावर आलेला असतो.

उदाहरणादाखल असे समजू की, एखाद्या विद्यार्थ्याने संग्रहालयात ठेवण्याजोग्या टचस्क्रीनसाठी सोलापुरी चादरीचे विणकाम हा विषय निवडला आहे. चादरीवरची नक्षी प्रथम चौकटींच्या कागदावर उतरवतात, तिच्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात, आणि मागावर बसवलेल्या जकार्ड यंत्रात एकेक पट्टी पुढे सरकत जाते तसे बाण्याच्या त्या एका फेरीसाठी ताण्याचे कोणते धागे उचलायचे ते ठरते: भोक असेल तेथील धागा वर जातो, नसेल तेथील जागीच राहतो. फ्रान्समधील लियाँच्या जोसेफ मारी जकार याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली ही युक्ती चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी उचलली, आणि १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथने माहिती मोजण्यासाठी छिद्रित पत्तेच वापरले. म्हणजे विषय दिसतो तितका संगणकाला परका नाही. तथापि बटण दाबल्यावर मागाची चित्रफीत सुरू होणे याला संवादी म्हणणे ही निव्वळ नावाची उधळपट्टी आहे. पाहणाऱ्याने पडद्यावरील पट्टीला बोटाने भोक पाडावे, त्यासरशी धागा उचलला जावा, चुकीच्या जागी पाडलेले भोक नक्षीत खोट म्हणून दिसावे, आणि ती खोट कोठून आली याचा शोध त्यानेच घ्यावा, एवढे साधले तरच त्या माध्यमाची गरज सिद्ध होते.

भाषेचा प्रश्न सोलापुरात विशेष बिकट होतो. शहराच्या पूर्व भागातील पद्मशाली विणकर घरांत तेलुगू बोलली जाते, शहरात कन्नड आणि उर्दूही सर्रास कानी पडते, आणि घरी तेलुगू बोलणारी अनेक माणसे वाचतात मात्र मराठी. प्रारंभीच एक भाषा निवडायला लावून ध्वनी आणि मजकूर दोन्ही तिच्यात देण्याची रूढ पद्धत अशा माणसाला अडचणीची ठरते, कारण त्याला निवेदन तेलुगूत आणि अक्षरे मराठीत हवी असतात. त्यासाठी दोन्हींची निवड वेगळी ठेवावी लागते. हा निर्णय प्रयोगशाळेत बसून सहसा सुचत नाही.

म्हणून चाचणी. पडद्यांची चित्रे कागदावर काढून तीच लोकांपुढे ठेवणे, त्यांनी कोठे बोट ठेवले ते टिपणे, आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत राहण्यास त्यांना सांगणे, ही स्वस्त आणि अत्यंत उपयुक्त रीत आहे. जेकब नील्सन या तज्ज्ञाने २००० साली असे मांडले की पाच वापरकर्त्यांकडून बहुतेक अडचणी उघड होतात. विद्यार्थ्यांच्या अहवालांत हा आकडा मंत्रासारखा येतो. परंतु वापरणाऱ्यांचे गट एकमेकांपासून फार भिन्न असतील तर प्रत्येक गटाची चाचणी स्वतंत्रपणे घ्यावी, हे नील्सननेच सांगितलेले पथ्य मागे पडते. निवृत्त विणकर आणि सहलीला आलेली शाळकरी मुले हे उघडच दोन गट आहेत.

परीक्षक मंडळापुढे, म्हणजे ज्युरीसमोर, चालता नमुना आणि लिखित अहवाल दोन्ही ठेवावे लागतात. अहवालात कोणत्या कल्पना टाकून दिल्या आणि का, हे आले नाही तर तो केवळ जाहिरातपत्र ठरतो.

यानंतरचे काम बहुधा राहूनच जाते. एकेकाळी असे प्रकल्प सर्रास फ्लॅश या प्रणालीत बनत. अॅडोबीने २०२० च्या अखेरीस तिचा आधार काढून घेतला आणि तसे असंख्य प्रकल्प ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फॉन्टांत टंकलेला मराठी मजकूर तर तो विशिष्ट फॉन्ट नसल्यास निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. त्यामुळे मूळ फायली, खुल्या स्वरूपातील चित्रे व ध्वनी, युनिकोडमधील संपूर्ण संहिता आणि प्रकल्प वापरतानाचे चित्रीकरण ग्रंथालयात जमा झाल्याखेरीज काम संपले असे मानू नये. त्यासोबतच संमतिपत्रेही हवीत, कारण सोलापुरी चादरीला मिळालेले भौगोलिक मानांकन त्या नावाचे संरक्षण करते, एखाद्या कारागिराने रचलेल्या विशिष्ट नक्षीचे किंवा त्याच्या आवाजाचे नव्हे. तेव्हा त्याची नक्षी आणि मुलाखत कोठे, किती काळ व कोणत्या कामासाठी वापरली जाईल, हे त्याला वाचता येणाऱ्या भाषेत लिहून, त्याची सही घेऊन, एक प्रत त्याच्यापाशी ठेवणे हा प्रकल्पाचाच भाग होय.