दहावीच्या निकालाआधीची तीन वर्षे

साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलमधल्या रजिस्टरचे एक पान महाराष्ट्राला ठाऊक आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यात भिवा रामजी आंबेडकर हे नाव लिहिले गेले, नोंदीचा क्रमांक १९१४. २०१७ पासून हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पानाचे फोटो छापून येतात, शाळाशाळांतून भाषणे होतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र ते पान ज्या प्रकारच्या दप्तरातले आहे, त्या जनरल रजिस्टरबद्दल लिहायचे आहे. हायस्कूल कसे चालले आहे हे सांगणारा इतका भरवशाचा कागद शाळेत दुसरा नाही, आणि मूल्यांकनाच्या आजच्या पद्धतींत त्याला जवळपास जागाच नाही.

रजिस्टर उघडले की डाव्या बाजूला मुलाचे येणे असते: नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, इयत्ता. उजवीकडे त्याचे जाणे: प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण, शेरा. कारणाच्या रकान्यात ठरीव मजकूर दिसतो. ‘दहावी उत्तीर्ण’, ‘पुढील शिक्षणासाठी’, ‘पालकांची बदली’, ‘सतत गैरहजर’, ‘पालकांच्या विनंतीवरून’. यातली शेवटची दोन कारणे आठवी-नववीच्या पोरांसमोर किती वेळा लिहिली गेली आहेत, ते मोजावे. शाळेची खरी प्रगतिपुस्तिका तिथे आहे.

आपण मोजतो ते दुसरेच. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे जिल्हे दहावीसाठी कोल्हापूर विभागीय मंडळात येतात. मार्च २०२४ च्या परीक्षेत राज्याचा निकाल ९५.८१ टक्के लागला आणि कोल्हापूर विभाग ९७.४५ टक्क्यांसह कोकणाखालोखाल दुसरा आला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी कराडपासून मिरजेपर्यंत चौकाचौकांत ‘शंभर टक्के निकालाची परंपरा कायम’ असे फ्लेक्स लागतात. शिक्षकांनी जादा तास घेतलेले असतात, सराव परीक्षांचे गठ्ठे रात्री घरी नेऊन तपासलेले असतात. ती मेहनत खरी आहे. पण शंभरातली सत्त्याण्णव मुले पास होत असतील, तर नुसत्या उत्तीर्णांच्या टक्केवारीवरून दोन शाळांतला फरक कळणार कसा?

एक उदाहरण मनाने मांडून पाहू. एका हायस्कूलमध्ये आठवीला ६० मुले होती. दोन वर्षांनी दहावीच्या परीक्षेला शाळेतून ४५ बसली आणि ४५ पास झाली. निकाल शंभर टक्के. शेजारच्या शाळेत आठवीला ६०, परीक्षेला ५८, पास ५३. निकाल ९१ टक्के. फ्लेक्स पहिल्या शाळेचा लागेल. मला विचाराल तर मी माझे मूल दुसऱ्या शाळेत घालीन, कारण तिने आठ मुले जास्त पैलतीराला नेली आहेत.

मग पहिल्या शाळेतली पंधरा मुले गेली कुठे? काहींच्या वडिलांनी खरोखरच गाव बदलले असेल. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली कितीतरी कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. तिकडे पोरांचे दाखले नेणे नवे नाही. पण काही मुले नववीत नापास होतात, आणि काहींच्या पालकांना बोलावून सांगितले जाते, ‘याला इथं झेपायचं नाही, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा.’ तो फॉर्म मुळात चांगल्या हेतूचा आहे. शाळा सुटलेल्यांना खासगीरीत्या परीक्षा देता यावी, यासाठी तो आहे. पण वर्गात बसणारे मूल निकाल खाली ओढील या भीतीने त्याच्या हाती दाखला ठेवला, की मंडळाच्या तक्त्यात ते नियमित विद्यार्थ्यांतून खासगी विद्यार्थ्यांत जाते आणि शाळेच्या टक्केवारीतून पुसले जाते. रजिस्टरात त्याच्यापुढे उरते ‘पालकांच्या विनंतीवरून’. हे सगळ्याच शाळा करतात असे मी म्हणणार नाही. पण माध्यमिक शिक्षणात वावरणाऱ्या कुणालाही ही वाट अनोळखी नाही.

याचे मूळ नववीत शोधावे लागते. शिक्षण हक्क कायद्याचे छत्र आठवीपर्यंतचे. त्या छत्राखाली मूल बहुधा पुढे सरकत येते आणि नववीत बीजगणित, भूमिती, विज्ञान एकदम अंगावर येतात. प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहणीने २०१७ साली मुद्दाम १४ ते १८ वयाची ग्रामीण मुले निवडली. देशातल्या २८ जिल्ह्यांत ती झाली आणि महाराष्ट्रातून अहमदनगरबरोबर सातारा जिल्हा त्यात होता. एकूण पाहणीत सुमारे चौथा हिस्सा मुलांना स्वतःच्या भाषेतला सोपा मजकूर सलग वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे जेमतेम ४३ टक्क्यांना जमले. यातली बहुसंख्य मुले शाळा-कॉलेजात नाव असलेली होती. म्हणजे नववीच्या वर्गावर जाणाऱ्या गणिताच्या शिक्षकापुढे बहुपदींचा धडा असतो आणि बाकांवर भागाकारात अडकलेली पोरे असतात. जत तालुक्यात आणखी एक पेच आहे: कन्नड माध्यमातून प्राथमिक शिक्षण घेतलेले मूल मराठी हायस्कूलात आले, तर गणिताच्या आधी प्रश्नाचीच भाषा आडवी येते.

मूल्यांकनाची सरकारी चौकट यातले काय पाहते? ७ नोव्हेंबर २०१५ रोजी केंद्राने सुरू केलेल्या ‘शाळा सिद्धी’त सात क्षेत्रे आणि ४६ मानके आहेत. आधी शाळा स्वतःला तपासते, मग बाहेरचे पथक येते, शेवटी सुधारणेचा आराखडा करायचा. कल्पना उत्तम आहे. शाळेने स्वतःच्या उणिवा स्वतः लिहाव्यात, यापेक्षा चांगले काय असणार? पण ४६ पैकी १२ मानके इमारत, मैदान, ग्रंथालय, पाणी, स्वच्छतागृह अशा साधनांची आहेत आणि विद्यार्थ्यांच्या प्रगतीची पाच. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानाच्या २०२४ मधल्या दुसऱ्या टप्प्यात १५० गुण होते: पायाभूत सुविधांना ३३, शासनाच्या ध्येयधोरणांच्या अंमलबजावणीला ७४, शैक्षणिक संपादणुकीला ४३. योजना राबवल्याचे गुण शिकल्याच्या गुणांपेक्षा कितीतरी जास्त. मग मुख्याध्यापक काय करतील? फोटो काढतील, फाइली लावतील, लिंक भरतील. त्यांना दोष देता येत नाही. ज्याला गुण, त्याला वेळ.

इमारतीचे महत्त्व मी कमी करत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-वारणेचे पाणी सांगली जिल्ह्यात शिरले, तेव्हा शाळांची दप्तरे, बाके, प्रयोगशाळा चिखलात गेल्या. मुलींसाठी धड स्वच्छतागृह नसेल, तर गैरहजेरीचे आकडे वेगळे बोलतात. पाटणच्या डोंगरातल्या वाडीवरून येणारी मुलगी शाळा सुटल्यावरची एस. टी. गाठण्यासाठी धावते, तिच्यासाठी संध्याकाळचा जादा तास असून नसल्यासारखा. हाच तास सकाळी घेतला, तर तीच शाळा तिच्यासाठी बदलते आणि खर्च शून्य. असा बदल कुठल्या मानकात बसवायचा, हे मला सापडलेले नाही.

या भागाची जमेची बाजूही मोठी आहे, आणि ती आजची नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल उभे राहिले ते ‘कमवा आणि शिका’च्या पायावर: फीला पैसे नसतील तर अंगमेहनत कर, पण शाळा सोडू नकोस. कर्मवीरांच्या डोळ्यांपुढे दारात उभा असलेला, दुसरीकडे जागा न मिळालेला मुलगा होता. त्याला आत घेणे आणि शेवटपर्यंत टिकवणे, हीच त्या शाळेची परीक्षा होती. आजही गावची लोकवर्गणी, माजी विद्यार्थ्यांनी दिलेले संगणक, आठवीच्या एनएमएमएस शिष्यवृत्तीसाठी रात्री वर्ग उघडे ठेवणारे शिक्षक हे सगळे सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत भरपूर दिसते. वर्षाला बारा हजारांची ती शिष्यवृत्ती गरीब घरातल्या मुलाला बारावीपर्यंत धरून ठेवते. फक्त तिच्या तयारीला जेवढे तास जातात, त्याच्या निम्मे तरी भागाकारात अडकलेल्यांना मिळावेत, एवढेच माझे मागणे आहे.

मग सुधारणेची सुरुवात कुठून करायची? कारकुनाला एका दुपारी करता येईल असा तक्ता पुरे. आठवीच्या पटावरची मुले किती, त्यातली नववीत किती, दहावीला शाळेतून किती बसली, किती पास झाली. मधे गेलेल्यांपैकी दुसऱ्या शाळेत प्रत्यक्ष दाखल झालेली किती, सतरा नंबरवाली किती, घरी बसलेली किती. मुलींचा हिशेब वेगळा. शाळांच्या माहितीच्या ‘यू-डायस’ या सरकारी प्रणालीवर मुलांची नोंद आता नावानिशी असते, तेव्हा दाखला नेलेले मूल पुढे कुठे दाखल झाले, याचा शोध घेणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. गुणवंतांच्या यादीशेजारी हा तक्ता लावावा आणि पालक सभेत वाचून दाखवावा.

अडचण एकच. जी शाळा हे एकटी करील, ती शेजारच्या शंभर टक्क्यांपुढे उगाच फिकी दिसेल आणि पुढच्या जूनला तिचा पट घसरेल. पट घसरला की संचमान्यतेत शिक्षक कमी होणार. म्हणून हे एकट्या मुख्याध्यापकावर सोडून चालणार नाही. रयतेच्या चारशेहून अधिक माध्यमिक शाळा आहेत. दरवर्षी ९ मे रोजी, कर्मवीरांच्या पुण्यतिथीला, संस्थेचे लोक साताऱ्यात जमतात. तिथे सगळ्या शाळांचे तक्ते एकाच दिवशी मांडले गेले, तर एकटी शाळा उघडी पडणार नाही, आणि बाकीच्या संस्थांनाही आपापली रजिस्टरे काढावी लागतील.