चौथी आज्ञा आणि रविवार

बायबलातील दहा आज्ञांचे आजच्या काळात काय प्रयोजन, असे कुणी विचारल्यास आम्ही चौथीकडे बोट दाखवू. (रोमन कॅथलिक गणनेत ती तिसरी.) आठवड्यातून एक दिवस काम बंद ठेवावे, ही ती आज्ञा. तिची खुबी अशी की, ही विश्रांती केवळ धन्याला नाही. दास, दासी, बैल, गाढव आणि गावात राहणारा परका यांनाही आहे. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू न ठेवणाऱ्या मराठी माणसाला हे नवखे वाटू नये.

मनुष्यस्वभाव मात्र आधी स्वतःची सोय पाहतो. मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी आपोआप मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागितली, तेव्हा कुठे १८९० मध्ये पदरात पडली. लोखंडे सत्यशोधक, रविवार हा खंडोबाचा वार, असे त्यांचे म्हणणे. वाट निराळी, मागणे तेच.

आणि आमच्या कुकटपल्लीत? रविवारी आम्ही उशिरा उठतो, पाहुणे जेवायला बोलावतो, अन् भांडी घासणाऱ्या बाईंना त्याच दिवशी दोनदा यायला सांगतो. त्यांनी खाडा केला तर पगार कापण्याची भाषा! त्यांचा सुट्टीचा वार कोणता, हे आम्ही परवा घरात विचारले. कुणालाच सांगता आले नाही.