व्हर्च्युअल मशीन अडकलं, तर आत काय चाललंय ते बाहेरून कसं बघायचं?

आजचा विषय जरा इंजिनिअरिंगचा वाटेल, पण लगेच हेडफोन काढू नका. तुमच्यापैकी जे अँड्रॉइड ॲप बनवायला शिकतायत, त्यांनी लॅपटॉपवर अँड्रॉइडचा एम्युलेटर चालवला असेल. स्क्रीनवर दिसणारा तो फोन म्हणजे एक व्हर्च्युअल मशीन. त्याच्या पोटात क्यूएम्यू नावाचं सॉफ्टवेअर आहे. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने ते २००३ साली आणलं.

आता समजा, अशाच एका मशीनमध्ये लिनक्सचा कर्नल सुरू होता होताच अडकला. स्क्रीन काळी. लॉग लिहिणारा प्रोग्राम तर अजून सुरूच झालेला नाही. मग विचारायचं कोणाला?

इथे व्हर्च्युअल मशीनचा मोठा फायदा होतो. आतलं सॉफ्टवेअर म्हणजे गेस्ट, आपला पाहुणा. बाहेरचा लॅपटॉप म्हणजे होस्ट, यजमान. पाहुण्याचा प्रोसेसर आणि मेमरी, दोन्ही यजमानाच्या ताब्यात. पाहुणा बेशुद्ध पडला तरी यजमान त्याची नाडी बघू शकतो.

क्यूएम्यू सुरू करताना दोन पर्याय द्यायचे: मोठा एस आणि छोटा एस. मोठ्या एसमुळे मशीन पहिल्या सूचनेआधीच थांबून राहतं. छोट्या एसमुळे १२३४ नंबरचा पोर्ट उघडतो. त्या पोर्टवर जीडीबी हा डीबगर जोडला की गेस्ट थांबवता येतो, एकेक पाऊल पुढे नेता येतो, त्याची मेमरी वाचता येते.

ऐकायला सोपं आहे, पण पहिली अडचण लगेच येते. बाहेरून दिसतात ते नुसते आकडे. मेमरीतला हा तुकडा म्हणजे एखादी प्रोसेस आहे, फाइल आहे की नुसता कचरा, हे आकडे सांगत नाहीत. अभ्यासक याला सिमँटिक गॅप म्हणतात, म्हणजे अर्थाची दरी. ती भरायला कर्नलची डीबग माहिती असलेली फाइल जीडीबीला द्यावी लागते. त्यातही एक मेख आहे. सुरक्षेसाठी आजचा लिनक्स दर वेळी सुरू होताना मेमरीत वेगळ्या जागी बसतो. फाइलमधले पत्ते आणि खरे पत्ते जुळतच नाहीत. म्हणून डीबग करताना कर्नलला ‘नोकेएएसएलआर’ हा पर्याय देऊन ही अदलाबदल बंद करतात.

दुसरी अडचण ब्रेकपॉइंटची. एक्स८६ प्रोसेसरवर साधा ब्रेकपॉइंट म्हणजे मूळ सूचनेचा पहिला बाइट काढून तिथे थांबण्याची खूण ठेवणं. पण कर्नल अजून मेमरीत आलाच नसेल तर? तो आल्यावर आपली खूण पुसली जाते आणि ब्रेकपॉइंट लागतच नाही. अशा वेळी हार्डवेअर ब्रेकपॉइंट वापरायचा. त्यात पत्ता प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये राहतो, मेमरीला हात लागत नाही. मात्र एक्स८६ वर अशा फक्त ४ जागा असतात, त्या जपून वापरायच्या.

तिसरी अडचण वेळेची. गेस्ट थांबला म्हणून बाहेरचं जग थांबत नाही. तुम्ही चहा घेऊन परत येईपर्यंत त्याची नेटवर्क कनेक्शन तुटलेली असू शकतात. काही बग तर नेमक्या वेळेच्या गणितावरच अवलंबून असतात. थांबवलं की गायब! तिथे डीबगिंगपेक्षा ट्रेसिंग बरं, म्हणजे न थांबवता नोंदी घेणं. २००७ पासून लिनक्समध्येच असलेलं केव्हीएम वापरत असाल, तर गेस्ट दर वेळी होस्टकडे का परत आला, हे होस्टवरच्या पर्फ या साधनाने कळतं. गेस्ट मंद का चाललाय, याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं.

आणि अगदीच हट्टी बग असेल तर क्यूएम्यूमध्ये रेकॉर्ड-रिप्ले आहे. एकदा घडलेला प्रसंग जसाच्या तसा पुन्हा चालवायचा. हे केव्हीएमच्या वेगाने होत नाही, वेळ लागतो. पण बग पळून जात नाही.

जाता जाता एक महत्त्वाचं. त्या १२३४ पोर्टला पासवर्ड नसतो. तिथपर्यंत पोहोचणारा कुणीही गेस्टची सगळी मेमरी वाचू शकतो, बदलूही शकतो. त्यामुळे तो आपल्या मशीनपुरताच ठेवा, कॉलेजच्या वाय-फायवर उघडा टाकू नका. आणि हेही लक्षात घ्या, भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर पाहुणे तुम्ही असता. तुमची मेमरी यजमानाला दिसू शकते. म्हणून तर एएमडी आणि इंटेलने गेस्टची मेमरी होस्टपासूनही कुलूपबंद ठेवणारं तंत्र प्रोसेसरमध्ये आणलं.

तर या रविवारी एक छोटा लिनक्स क्यूएम्यूत सुरू करा, पहिल्याच सूचनेवर थांबवा आणि आत डोकावून बघा. काय दिसलं, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!