लसणाविना त्झात्झिकी

बँकेच्या सेवेत आयुष्यभर हिशेब जुळविले, परंतु स्वयंपाकघरातील पाण्याचा हिशेब मला निवृत्तीनंतरच कळला. मुलीच्या सासरची मंडळी प्रथमच भोजनास येणार होती. तिच्या आग्रहास्तव मी त्झात्झिकी हा ग्रीक पदार्थ करावयास घेतला. साध्या दह्यात काकडी किसून घातली आणि पाने वाढेपर्यंत वाटीत पांढरे पाणी व त्यात तरंगणारा कीस एवढेच उरले! ‘अहो, श्रीखंडासाठी रात्रभर चक्का टांगता, मग येथेच घाई का?’ असे सौभाग्यवतींनी विचारले.

ग्रीक दही म्हणजे पाणी निथळलेले दही. आपला चक्का त्याहून थोडा घट्ट, इतकेच. २०१४ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने अमेरिकेत तयार झालेले दही ‘ग्रीक योगर्ट’ या नावाने विकण्यास एका कंपनीला केलेली मनाई कायम ठेवली. आपल्या घरच्या मलमलीला तो निकाल लागू नाही, हे बरे.

१ लिटर सायीच्या दुधाचे ताजे, गोड दही मलमलीत बांधून तीन-चार तास टांगावे. दही आंबू नये म्हणून उन्हाळ्यात चाळणीवर ठेवून शीतकपाटात निथळावे. मध्यम आकाराची एक काकडी प्रथम चाखून पाहावी. कडू निघाल्यास सारा खटाटोप व्यर्थ. बिया काढून ती किसावी, अर्धा चमचा मीठ चोळून वीस मिनिटे ठेवावी. मीठ काकडीतील पाणी बाहेर ओढते. मग मुठीत घट्ट पिळावी, कोरडी वाटली तरी पुन्हा एकदा पिळावी. मी पहिल्या वेळी नेमके हेच टाळले होते.

दही व कीस एकत्र करून त्यात मोठा चमचाभर ऑलिव्ह तेल, लिंबाचा थोडा रस आणि बारीक चिरलेला शेपू घालावा. मीठ चाखूनच घालावे. ग्रीक लोक यात लसूण घालतात. आपण तो वगळतो. त्याऐवजी हिंग घालण्याचा मोह मात्र आवरावा. लिंबाची किसलेली पिवळी साल पुरेशी होते.

सोबत गव्हाचे साधे खाखरे द्यावेत. कच्च्या दह्याबरोबर द्विदल नको, म्हणून बेसनाचे पदार्थ त्या ताटात नकोत. त्याच दिवशी करून त्याच दिवशी संपवावे. निथळलेल्या निवळीत पोळ्यांची कणीक मळावी.

दुसऱ्या खेपेस विहीणबाईंनी वाटी पुन्हा पुढे केली.