जलरोधक ग्रीस (सायकल)

जलरोधक ग्रीस हे पाण्याने सहज धुऊन न जाणारे आणि धातूला गंजण्यापासून वाचविणारे अर्धघन वंगण होय. सायकलच्या दोन्ही चाकांचे हब, पायडल, पायडलचा मधला शाफ्ट आणि हँडलखालील कप यांच्या बेअरिंगमध्ये ते भरले जाते. 'जलरोधक' हा शब्द येथे सापेक्ष अर्थाने वापरला जातो. कोणतेही ग्रीस बेअरिंगमध्ये पाणी शिरणे पूर्णपणे थांबवू शकत नाही; पाणी शिरल्यावर होणारी हानी मात्र ते लांबवू शकते.

पार्श्वभूमी

सायकलच्या चाकात छर्ऱ्यांचे बेअरिंग वापरण्याचे पेटंट पॅरिसमधील ज्यूल सुरिरे यांनी १८६९ मध्ये घेतले. त्याच वर्षी पॅरिस ते रुआँ ही शर्यत असे बेअरिंग बसविलेल्या सायकलवर जेम्स मूर यांनी जिंकली. मराठी मुलखाच्या सीमेवर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले. 'वंगण' हा शब्द मराठीत त्याहून जुना असून बैलगाडीच्या आसाला घालण्याच्या तेलकट पदार्थासाठी तो रूढ होता.

घटक

ग्रीसमध्ये मूळ तेल, ते धरून ठेवणारा घट्टक आणि गंजरोधकासारखी पूरक द्रव्ये असतात. घट्टक बहुधा एखाद्या धातूचा साबण असतो. स्पंजातील पाण्याप्रमाणे तेल त्यात अडकून राहते व छर्ऱ्यांच्या दाबाने थोडे थोडे बाहेर येते. पाण्यापुढे ग्रीस किती टिकेल हे मुख्यतः या घट्टकावर ठरते.

* सोडियम साबण : पाण्यात मिसळून दुधाळ व पातळ होतो. पावसात वापरल्या जाणाऱ्या सायकलला अयोग्य.
* कॅल्शियम साबण : पाण्याला चांगला विरोध करतो. त्याचे साधे प्रकार जास्त तापमानात टिकत नाहीत. परंतु सायकलचे बेअरिंग फारसे तापत नसल्याने ही उणीव येथे गौण ठरते.
* लिथियम साबण : क्लॅरेन्स अर्ल यांनी १९४२ मध्ये याचे पेटंट मिळविले. वाहनांसाठी हा सर्वत्र मिळतो. पाण्याला मध्यम ते चांगला विरोध करतो.
* कॅल्शियम सल्फोनेट : थोडे पाणी सामावूनही घट्ट राहतो व गंजाला उत्तम विरोध करतो. किंमत तुलनेने अधिक असते.

निवडीचे निकष

ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या २८ इंची सायकलचे चाक मिनिटाला साधारण १५० फेरे घेते. मोटारीच्या तुलनेत हा वेग कमी असून उष्णताही नगण्य असते. त्यामुळे डब्यावर छापलेला 'उच्च तापमान' हा गुण साध्या सायकलला विशेष उपयोगाचा नाही. मागील हबमध्येच ब्रेक असलेली सायकल याला अपवाद आहे, कारण तेथे घर्षणाने उष्णता निर्माण होते.

घट्टपणासाठी एनएलजीआय क्रमांक पाहिला जातो. सायकलला सामान्यतः क्रमांक २ योग्य मानला जातो. लाल, निळा वा हिरवा रंग गुणवत्ता दर्शवीत नाही. तो केवळ मिसळलेला असतो.

हातावर थोडे ग्रीस घेऊन पाण्याच्या थेंबांसह चोळल्यास ढोबळ अंदाज येतो. ते पातळ होऊन वाहू लागल्यास पावसाळ्यासाठी टाळावे. केवळ पांढुरके होणे हा दोष नव्हे, कारण काही चांगली ग्रीसेही पाणी शोषून पांढुरकी होतात.

पेठ वडगाव परिसरातील उपयोग

पेठ वडगाव हे कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील बाजारपेठेचे गाव आहे. त्याच्या उत्तरेस वारणा नदी आहे. पावसाळ्यात ऊसशेतीच्या वाटांवरील काळी माती चाकांना चिकटते. तिचे बारीक कण पाण्याबरोबर हबमध्ये शिरले की ग्रीस घासणाऱ्या लेपासारखे वागू लागते. त्यामुळे अशा भागात महागड्या ग्रीसपेक्षा वेळेवर केलेली सफाई अधिक परिणामकारक ठरते.

वारणा व पंचगंगा काठच्या गावांना २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये मोठ्या पुराचा फटका बसला. पाण्याखाली राहिलेली सायकल वरून धुऊन वाळली तरी हबमध्ये पाणी व गाळ उरतो. काही दिवसांतच छर्रे, कोन व वाटी यांवर गंजाचे खळगे पडतात. एकदा पडलेले खळगे नवे ग्रीस भरून जात नाहीत. ते भाग बदलावे लागतात. शाळेला किंवा कामाला जाण्याचे एकमेव साधन सायकल असलेल्या घरात हा खर्च टाळता येण्याजोगा असतो. म्हणून पूर ओसरताच, सायकल चालविण्यापूर्वी, सर्व बेअरिंग उघडणे आवश्यक असते.

ग्रीस बदलण्याची पद्धत

सायकल दुरुस्तीच्या दुकानांत या कामाला 'ओव्हरऑइलिंग' म्हटले जाते. हा 'ओव्हरहॉलिंग' या शब्दाचा रूढ अपभ्रंश आहे.

१. चेकनट व कोन सैल करून छर्रे मोजून काढावेत. पुढच्या हबमध्ये बहुधा ३/१६ इंचाचे, तर मागच्या हबमध्ये १/४ इंचाचे छर्रे असतात.
२. सर्व भाग रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. उरलेले रॉकेल नवे ग्रीस पातळ करते.
३. खळगे पडलेले कोन व छर्रे बदलावेत. छर्रे बदलताना संपूर्ण संच बदलावा.
४. वाटीत ग्रीसचा सलग थर देऊन छर्रे बसवावेत व वरून पुन्हा ग्रीस द्यावे.
५. चाक अडखळणार नाही आणि आसावर डुलणारही नाही, अशा बेताने कोन आवळून चेकनट पक्का करावा.

पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर असे वर्षातून दोनदा हे काम केल्यास नित्य वापराच्या सायकलला सहसा पुरेसे होते.

घ्यावयाची काळजी

वेगवेगळ्या घट्टकांची ग्रीसे एकत्र झाल्यास मिश्रण पातळ होऊ शकते. म्हणून जुन्यावर नवे भरू नये. साखळीला ग्रीस लावल्यास धूळ चिकटते. तिला तेल वापरावे. फ्रीव्हीलमध्ये घट्ट ग्रीस गेल्यास आतील खिट्ट्या अडकून पायडल पोकळ फिरू शकते, म्हणून तेथेही पातळ तेलच योग्य. रिम व ब्रेकच्या रबरांना वंगण लागल्यास ब्रेक लागत नाही. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने हबच्या कडेतून पाणी आत शिरते. त्यामुळे तो हबवर मारू नये.

हेही पाहा

* वंगण
* बेअरिंग
* सायकल