एकांतात फार गर्दी

इजिप्तच्या वाळवंटात जाऊन बसलेल्या ख्रिस्ती तपस्व्यांच्या कथा आयर्लंडपर्यंत पोचल्या. पण त्या हिरव्यागार देशात वाळवंट आणायचं कुठून? साधूंनी समुद्र धरला.

काहींनी तर वल्हीही घरीच ठेवली. इ.स. ८९१च्या सुमारास तीन आयरिश भाविक कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला लागले. होडी अडीच कातड्यांची, शिधा सात दिवसांचा, दिशा देवाच्या हवाली. आणि उतरल्यावर कुठे गेले? थेट आल्फ्रेड राजाच्या भेटीला!

खरी कमाल मात्र स्केलिग मायकलची. केरीच्या किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर, समुद्रातून २१८ मीटर वर आलेला सुळका. चढायला सहाशेहून जास्त दगडी पायऱ्या. वर घुमटीसारख्या सहा कुट्या. चुना नाही, गारा नाही; नुसता दगडावर दगड, दर थराला किंचित आत सरकवलेला. शतकानुशतकं अटलांटिकचं वादळ झेलून अजून उभ्या आहेत. पाणी म्हणाल तर पावसाचं, टाक्यांत साठवलेलं. एवढ्यावरही कुणाला तरी शेजार खुपला असावा, कारण दक्षिणेकडच्या आणखी अवघड शिखरावर एकांतवासाची वेगळी जागा आहे.

८२४ मध्ये तिथेही वायकिंग पोचले. एटगल नावाच्या साधूला त्यांनी पळवून नेलं. तो उपासमारीने मेला. पुढच्या काळात आले ‘स्टार वॉर्स’वाले. बेटावरचे पफिन पक्षी चित्रीकरणात सारखे मध्ये येत. त्यांना हाकलता येत नव्हतं, म्हणून त्यांचंच ‘पॉर्ग’ नावाचं पात्र करून टाकलं. हा उपाय साधूंना सुचला नव्हता.

इंग्लंडच्या इनर फार्न बेटावर संत कथबर्टने फक्त आकाश दिसावं म्हणून कुटीभोवती उंच भिंत घातली. तरी माणसं होड्या करून येतच राहिली. जव पेरले, तर पाखरं हजर. त्यांना त्याने चांगलं खडसावलं म्हणतात. शेवटी ‘बिशप हो’ म्हणून विनवायला राजा स्वतः बेटावर आला. कथबर्ट नाइलाजाने गेला, पण थोड्याच काळात परतला आणि ६८७ मध्ये तिथेच वारला.

आइसलँड मानल्या जाणाऱ्या थूले बेटावर राहून आलेल्या साधूंनी डिकुइल या आयरिश पंडिताला तिथल्या उन्हाळ्याचं वर्णन सांगितलं. ८२५ मध्ये त्याने ते लिहून ठेवलं: मध्यरात्रीही इतका उजेड, की सदऱ्यातल्या उवासुद्धा वेचता येतात.