विश्लेषण : पिस्तुलाच्या गोळीची कार्बाइन पनवेलमध्ये बाळगता येते का?

खांद्याला लावायची बंदूक, पण काडतूस पिस्तुलाचे. अमेरिकेत अशा कार्बाइन सामान्य नागरिक विकत घेतात, त्यांच्या स्पर्धाही होतात. या स्पर्धांच्या चित्रफिती पाहून आपल्याकडेही अनेकांना त्यांची हौस वाटते. पनवेलमधल्या हौशी माणसाला मात्र कायदा काय सांगतो, हे आधी माहीत हवे.

ही कार्बाइन म्हणजे काय?

कार्बाइन म्हणजे आखूड नळीची रायफल. बहुतेक रायफलींना मोठे, जोरकस काडतूस लागते. या प्रकारात मात्र ९ मिमीसारखे पिस्तुलाचे काडतूस वापरतात. बंदूक खांद्याला टेकत असल्याने नेम स्थिर राहतो आणि धक्का कमी बसतो. भारतात पोलीस व लष्कराच्या हाती दीर्घकाळ ९ मिमी कार्बाइन होती. याच काडतुसाची ‘अस्मि’ ही मशीन पिस्तूल लष्कर आणि ‘डीआरडीओ’च्या पुण्यातील ‘एआरडीई’ने मिळून विकसित केली. ती जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाली.

मग नागरिकांना मनाई का?

आपल्या कायद्यात बंदुकीच्या रूपापेक्षा काडतुसाला महत्त्व आहे. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ नुसार ९ मिमीचे सेवा-काडतूस चालवू शकणारी पिस्तुले, रिव्हॉल्व्हर आणि कार्बाइन ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडतात. घोडा दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, अशी स्वयंचलित शस्त्रेही प्रतिबंधित आहेत. अशा शस्त्रांसाठी केंद्र सरकारची विशेष परवानगी लागते आणि ती जिवाला गंभीर धोका असलेल्या मोजक्यांनाच मिळते. छंद हे त्याला कारण होऊ शकत नाही.

विनापरवाना सापडल्यास?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगल्यास किमान ७ आणि कमाल १४ वर्षे कैद होऊ शकते. महाराष्ट्राला आठवणारे उदाहरण अभिनेता संजय दत्त याचे. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात त्याच्यावरील दहशतवादाचे आरोप टिकले नाहीत. पण एके-५६ रायफल आणि ९ मिमी पिस्तुलासाठी शस्त्र कायद्याने तो दोषी ठरला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्याची शिक्षा ५ वर्षांवर आणली. तेव्हाच्या कायद्यातली ती किमान शिक्षा होती. हेच आज घडले, तर किमान शिक्षा ७ वर्षांची आहे.

परवाना कशाचा मिळतो?

.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, .३१५ रायफल, १२ बोअर बंदूक ही अप्रतिबंधित शस्त्रे आहेत. पनवेल शहर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असल्याने अर्ज तिथे करावा लागतो. अर्जदाराची पोलीस पडताळणी होते, शस्त्र का हवे हे पटवून द्यावे लागते. २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत ५ वर्षांची असते. लग्नात वा मिरवणुकीत आनंदाच्या भरात गोळीबार करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

नुसती नेमबाजीची हौस असेल तर?

तिला वाट आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला सरावासाठी .२२ रायफल किंवा एअर रायफल वापरताना दोन शस्त्रांची मर्यादा लागू होत नाही, अशी सूट कायद्याच्या कलम ३ मध्येच आहे. पनवेलला तर या खेळाची ओळख जुनी आहे. ऑलिम्पिक नेमबाज सुमा शिरूर यांनी इथेच ‘लक्ष्य शूटिंग क्लब’ उभारला. टोक्यो आणि पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारी अवनी लेखरा ही त्यांची शिष्या.

१० मीटर एअर रायफलमध्ये छरा ४.५ मिमीचा असतो आणि लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. नेमबाजीचा कस लागायला कार्बाइनच हवी असे नाही, हे त्या ठिपक्यासमोर उभे राहिल्यावर कळते.